वेग घेताना मोटार का थरथरते?

रोग्याने वैद्याकडे जाऊन ‘अंगात ताप आहे’ एवढेच सांगितले, तर वैद्याचे काम भागत नाही. ताप सकाळी असतो की संध्याकाळी चढतो, हुडहुडी भरून येतो की नुसतीच कणकण असते, घाम येऊन उतरतो की अंगातच मुरून राहतो, हे तो विचारतो. या प्रश्नांच्या उत्तरांतच निम्मे निदान दडलेले असते. मोटारीच्या बाबतीत मात्र मालकाला आणि पुष्कळदा मिस्त्रीलाही एवढी सवड नसते. ‘गाडी थरथरते, बघा जरा,’ असे म्हणून मालक किल्ली हवाली करतो. मग आधी प्लग बदलले जातात. थरथर थांबली नाही, की चाकांचा तोल साधला जातो. तेवढ्यानेही गुण आला नाही, म्हणजे इंजिनाखालचे रबरी फाउंडेशन नवे बसते. तीन वेळा पैसे मोजले गेले, तीन दिवस गाडी अडकून पडली आणि थरथर होती तिथेच राहिली, असा अनुभव अनेकांच्या पदरी असतो.

हौसेने मोटार बाळगणाऱ्याला हा भुर्दंड एक वेळ सोसेल. पण भाड्याच्या गाडीवर ज्याचा संसार चालतो, त्याची गाडी तीन दिवस उभी राहिली म्हणजे तीन दिवसांची मिळकत बुडते आणि वर सुट्या भागांचे देणे अंगावर पडते. दुसरी बाजू याहून गंभीर आहे. मोटारीची सगळीच थरथर सारख्या तोलामोलाची नसते. काही थरथर निव्वळ त्रासदायक असते, तर काही थरथर चाक निखळण्याची किंवा टायर फुटण्याची पूर्वसूचना असते. दोहोंना एकाच मापाने मोजणारा माणूस कधी विनाकारण घाबरतो, तर कधी नको तेव्हा निर्धास्त राहतो. म्हणून ‘काय मोडले आहे?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ‘गाडी नेमकी केव्हा थरथरते?’

हुबळीसारख्या गावाला ही रीत नवखी वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे रेल्वेचा मोठा कारखाना आहे. आगगाडी स्थानकात थांबली, की लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकांवर ठोके मारीत जाणारा कामगार जुन्या पिढीने पाहिलेला आहे. धडधाकट चाकाचा नाद खणखणीत निघे; तडा गेलेले चाक बद्द वाजे. चाक न उघडता, न कापता, केवळ प्रश्न विचारून त्याचे उत्तर ऐकण्याची ती कला होती. मोटारीलाही असेच ठोके मारता येतात. फक्त ते हातोड्याने नव्हे, तर वेग, गीअर आणि पायाखालचा अॅक्सिलरेटर यांनी मारावयाचे असतात.

याचे एक सोपे उदाहरण घेऊ. एक लहान मोटार हुबळीच्या कोप्पीकर रोडवरून निघाली आहे, अशी कल्पना करावी. दुतर्फा दुकाने, हातगाड्या, रिक्षा, मध्येच आडवे जाणारे पादचारी! या गजबजाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गीअरच्या पुढे जातच नाही. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आतबाहेर. येथे गाडी शहाण्यासारखी चालते. पुढे होसूर मागे पडते, विद्यानगर येते, उणकलच्या तलावाच्या अंगाने रस्ता धारवाडकडे मोकळा होतो. चालक पाय दाबतो आणि गाडीला पन्नास-साठाच्या सुमारास कापरे भरते. नवनगर, रायापूर, सत्तूर असे करीत वीस-एक किलोमीटरांवरचे धारवाड येते, तोवर चालकाच्या मनात शंकेने घर केलेले असते. परंतु त्याच्या ध्यानात आले नाही, तरी या वीस किलोमीटरांच्या वाटेने त्याला पुष्कळसे सांगून ठेवलेले आहे. कोप्पीकर रोडवर जे झाले नाही आणि उणकलपुढे जे झाले, त्या दोहोंतील फरक म्हणजेच रोगाचा पत्ता होय.

मोटारीत फिरणाऱ्या वस्तू मुख्यतः दोन कुळांतल्या. एक कूळ इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर फिरते, तर दुसरे चाकांच्या फेऱ्यांबरोबर. गीअर ही या दोहोंमधली वाटाघाट होय. म्हणून पहिली कसोटी ही, की वेग तोच ठेवून गीअर बदलून पाहावा. लहान मोटार ताशी चाळीस किलोमीटरने तिसऱ्या गीअरमध्ये धावत असेल, तर इंजिनाचे मिनिटाला सुमारे २,००० फेरे होतात; त्याच वेगाला दुसऱ्या गीअरमध्ये ते सुमारे ३,००० होतात. चाकांचे फेरे मात्र दोन्ही वेळा तेवढेच. गीअर बदलताच थरथरीची जात बदलली, ती जलद झाली किंवा नाहीशी झाली, तर रोग इंजिनाच्या कुळातला. गीअर कोणताही असो, थरथर ठरावीक वेगालाच येत असेल, तर रोग चाकांच्या कुळातला. एका पैशाचाही सुटा भाग न बदलता अर्धी मोटार संशयातून मुक्त होते.

दुसरी कसोटी ओझ्याची. मोकळ्या, सपाट रस्त्यावर थरथर सुरू झाली, की अॅक्सिलरेटरवरचा पाय हलकेच उचलावा. वेग क्षणभर तोच असतो, चाके तितक्याच फेऱ्यांनी फिरत असतात. नाहीसा होतो तो फक्त इंजिनाचा जोर. पाय उचलताच थरथर थांबली आणि दाबताच परतली, तर दोष जोर वाहून नेणाऱ्या मार्गात आहे किंवा जोर निर्माण करणाऱ्या इंजिनात आहे. पाय उचलूनही थरथर तशीच राहिली, तर चाक, रिम किंवा टायर यांच्याकडे वळावे. ही परीक्षा करताना इंजिन बंद करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. इंजिन थांबले, की ब्रेकला आणि सुकाणूला मिळणारे साहाय्यही थांबते. किल्ली उलट फिरली, तर सुकाणू अडकण्याचाही संभव असतो. निरीक्षण टिपण्यासाठी शेजारी दुसरा माणूस असावा. चालकाचे लक्ष रस्त्यावरच असले पाहिजे.

या दोन कसोट्यांनी रोगांचे गट कसे पडतात, ते क्रमाने पाहू. पाय उचलला तरी न थांबणारी, वेगाशी बांधलेली थरथर ही बहुधा चाकाच्या तोलाची असते. लहान मोटारीच्या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर धरला, तर ताशी साठ किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेते. रिमच्या कडेशी केवळ ३० ग्रॅमचा असमतोल असेल, तर ताशी चाळीसला तो अवघ्या पाऊण किलोच्या ओढीइतका जाणवतो. पण वेग दुप्पट झाला, की ही ओढ चौपट होते. ताशी ऐंशीला तेच ३० ग्रॅम सुमारे ३ किलोच्या ओढीने चाकाला सेकंदात बारा वेळा चहूबाजूंनी हिसडत राहतात. गावात मुकाट असलेले चाक हमरस्त्यावर का बोलू लागते, हे यावरून उमगेल. थरथर सुकाणूत जाणवत असेल, तर पुढची चाके पाहावीत. आसनाखाली जाणवत असेल, तर मागची. चाकावर शिशाचा अथवा जस्ताचा लहानसा तुकडा बसवून हा दोष दूर होतो. रिम वाकलेली असेल किंवा टायरला फुगवटा आला असेल, तर मात्र तुकड्यांनी भागत नाही.

थरथर ब्रेक दाबल्यावरच येते, अशीही तक्रार पुष्कळदा असते. ती ब्रेकच्या तबकडीची गोष्ट आहे. वेग घेण्याच्या थरथरीशी तिची गल्लत करू नये.

दुसरा गट इंजिनाचा. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर चार सिलिंडर मिळून सेकंदाला सुमारे सदुसष्ट ठोके देतात. ते इतके दाट असतात, की त्यांची सलग घरघरच ऐकू येते. त्यांतला एक सिलिंडर चुकू लागला, की सेकंदाला सुमारे सतरा वेळा खड्डा पडतो आणि गाडी हिसके देऊ लागते. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘मिसिंग’ करते. येथे एक गोष्ट पुष्कळांना कोड्यात टाकते. उभ्या गाडीत इंजिन नीट चालते, मग चढावरच का चुकते? कारण असे, की पाय दाबला म्हणजे सिलिंडरात अधिक हवा आणि इंधन शिरते आणि दाब वाढतो. या दाट मिश्रणातून ठिणगी उडण्यासाठी अधिक विद्युत्दाब लागतो. थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग रिकाम्या वेळी आपले काम निभावून नेतो. ओझे आले, की हार मानतो. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्रश्नच नसतो. तेथे इंजेक्टर आणि इंधनाच्या नळीत शिरलेली हवा यांवर संशय घ्यावा. तुंबलेला इंधन-फिल्टर दोन्ही जातींच्या इंजिनांना ऐन गरजेच्या वेळी उपाशी ठेवतो. अलीकडच्या मोटारींत अशा वेळी इंजिनाचा दिवा लुकलुकू लागतो. तो लुकलुकत असताना गाडी दामटू नये. न जळलेले इंधन धुराड्यातील शोधकयंत्रात जाऊन जळते आणि ते महाग यंत्र कायमचे निकामी करते.

याच गटात आणखी एक थरथर आहे, जिचा दोष यंत्राकडे नसून पायाकडे असतो. गाडी तिशीवर असताना चौथा गीअर तसाच ठेवून चढावर पाय दाबला, की इंजिन धापा टाकते आणि सारी गाडी हादरते. येथे कोणताही भाग बदलू नये; गीअर बदलावा. गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी आपली थरथर या जातीची नाही ना, हे पाहून घेणे शहाणपणाचे.

कोप्पीकर रोडवरच जी गाडी हिसके देते, तिचा मामला वेगळा. गर्दीत दर दहा पावलांवर थांबून पुन्हा निघावे लागते. पहिल्या गीअरमध्ये क्लच सोडताना गाडी घोड्यासारखी उसळत असेल आणि एकदा चालू लागली की शांत होत असेल, तर क्लच-प्लेटवर तेल आले आहे, ती जळली आहे किंवा इंजिनाचे फाउंडेशन सैल झाले आहे, असे समजावे. फाउंडेशन गेल्याची खूण अशी, की पाय दाबताना आणि सोडताना इंजिन मागेपुढे झुकून ‘धप्’ असा आवाज येतो. असा दोष हमरस्त्यावर लपतो आणि बाजारात उघडा पडतो. म्हणजे उणकलची वाट ज्याची परीक्षा घेते, त्याची कोप्पीकर रोड घेत नाही, आणि कोप्पीकर रोड ज्याची घेतो, त्याची उणकल घेत नाही.

आता तिसरा गट. आणि आपल्या उदाहरणातील मोटार याच गटात मोडते. गीअर बदलला तरी तिची थरथर ठरावीक वेगालाच येते. परंतु पाय उचलताच थांबते. म्हणजे दोष चाकांच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे आणि जोराशीही बांधलेला आहे. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारे जे दांडे आहेत, त्यांच्या सांध्यांवाचून दुसरीकडे या दोन्ही खुणा सहसा एकत्र भेटत नाहीत.

या सांध्यांचा इतिहास मनोरंजक आहे. दोन दांडे एकमेकांशी कोन करून असताना एकाचा फेरा दुसऱ्याला द्यावयाचा, ही जुनी अडचण. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याचे नाव या सांध्याला चिकटले. सतराव्या शतकात इंग्लंडात रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला. मिस्त्री ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात, तोच हा सांधा. त्याचा एक मूळ स्वभाव आहे. कोन असला, की पहिला दांडा एकसारखा फिरत असूनही दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. म्हणून लांब शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस एका विशिष्ट जुळणीने बसवितात. एकाची चूक दुसरा फेडतो. दुरुस्तीत शाफ्ट उघडून तो एक दात पुढेमागे बसविला गेला, तर ही फेड बिघडते आणि काल ठीक असलेली गाडी आज थरथरू लागते. इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना, अशा अँबॅसडर व पद्मिनी गाड्यांत हा लांब शाफ्ट होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत टिकली. तिच्यावर हात बसलेले जुने मिस्त्री थरथरीची तक्रार ऐकताच प्रथम गाडीखाली शिरून शाफ्ट हाताने हलवून पाहत, ते याच कारणाने.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्याच चाकांना चालना देण्याची पद्धत घरोघर पोचली. पुढची चाके वळावयाचीही असतात आणि गाडी ओढावयाचीही असतात. तेथे क्रॉसचा तो पुढे-मागे होण्याचा स्वभाव चालत नाही. १९२०च्या दशकात आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने गोळ्यांचा जो सांधा सिद्ध केला, तो कोन असतानाही फेरा एकसारखा पोचवितो. आजच्या लहान मोटारींत चाकाकडच्या बाजूला बहुधा असा सांधा असतो. गीअरपेटीकडच्या बाजूला पुष्कळ गाड्यांत तीन रुळांचा सांधा असतो. एका वाटीतील तीन खाचांत हे रूळ पुढेमागे सरकतात. खाचांना झीज लागली, की जोर पडताच रूळ अडखळत सरकतात आणि प्रत्येक फेऱ्यात तीन धक्के देतात. ताशी साठला चाकाचे नऊ फेरे; म्हणजे सेकंदाला सत्तावीस-अठ्ठावीस धक्के. गाडी आडवी कापल्यासारखी वाटते ती यामुळे. पाय उचलला, की रुळांवरचा जोर जातो आणि धक्केही जातात.

बाहेरचा सांधा झिजला, तर त्याची भाषा निराळी असते. सुकाणू पूर्ण वळवून हळू जाताना तो ‘कट् कट्’ वाजतो. आतला सांधा सरळ रस्त्यावर, जोर घेताना कापरे भरवितो. एवढा भेद ठाऊक असला, तरी चुकीच्या बाजूचा खर्च टळतो.

या सांध्यांच्या नाशाचे मूळ बहुधा अगदी क्षुल्लक असते. त्यांवर रबराचा चुण्यांचा बूट असतो. तो चिरला, की वंगण बाहेर उडते; धूळ आणि चिखल आत शिरतो. एकदा ही गोष्ट घडली, की पोलादही फार दिवस टिकत नाही. बुटाची चीर वेळेवर दिसली, तर नवा बूट आणि नवे वंगण यांवर काम भागते. दुर्लक्ष झाले, तर सगळा अॅक्सल बदलावा लागतो. चाकाच्या आतल्या अंगाला वंगणाचे काळे शिंतोडे दिसले, की तेव्हाच गॅरेज गाठावे.

पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत मोटारींची कंपने सूक्ष्म उपकरणांनी मोजली जातात. तेथील अभियंत्याचाही पहिला प्रश्न हाच असतो, की हे कंपन कोणाच्या फेऱ्यांबरोबर वाढते आणि एका फेऱ्यात किती वेळा येते? उपकरणे त्याला बिनचूक आकडे देतात. विचाराची रीत मात्र कोप्पीकर रोडवरील चालकालाही तितकीच खुली आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारी आता वाढू लागल्या आहेत. त्यांत प्लग नाहीत, म्हणून मिसिंगही नाही. परंतु चाके, टायर, अॅक्सल आणि सांधे आहेतच. किंबहुना विजेची मोटर आपला पूर्ण जोर उभ्या जागेपासून देत असल्याने सांध्यांची परीक्षा तेथे अधिकच कडक होते.

या सर्व विवेचनाच्या आधी एक गोष्ट करावयाची असते; ती शेवटी सांगितली, म्हणून तिचे महत्त्व कमी मानू नये. थरथर नव्याने सुरू झाली असेल, विशेषतः चाक नुकतेच काढून बसविले असेल, तर कोणत्याही कसोटीला निघण्यापूर्वी गाडी उभी करून चाकांचे नट पाना लावून पाहावेत. सैल नटांची थरथर वेगाबरोबर वाढत जाते आणि तिची अखेर चाक निखळण्यात होते. त्याचबरोबर चारही टायरांवरून हात फिरवून कोठे फुगवटा आहे का, हवा कमी आहे का, हे पाहावे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. येथे दोष आढळला, तर गाडी पुढे नेऊन प्रयोग करण्याचे कारण नाही. नट जागीच आवळावेत, फुगलेला टायर जागीच उतरवावा.

ही तपासणी निर्दोष ठरली, की मगच मोकळ्या रस्त्यावर कसोट्या घ्याव्यात आणि गॅरेजात जाताना एका कागदावर पाच ओळी लिहून न्याव्यात. थरथर कोणत्या वेगाला येते; गीअर बदलल्यावर बदलते का; पाय उचलल्यावर थांबते का; सुकाणूत जाणवते की आसनाखाली; आणि ती सुरू होण्यापूर्वी गाडीचे कोणते काम झाले होते. हा कागद पाहून चांगला मिस्त्री मनातून सुखावतो, कारण त्याचा वेळ वाचतो. अंदाजाने सुटे भाग बदलणाऱ्यालाही त्यामुळे थोडे जपून बोलावे लागते. यंत्रविद्या न शिकलेल्या माणसालाही हा कागद लिहिता येतो. त्यासाठी लागते ती केवळ पाना हाती घेण्यापूर्वी घटकाभर लक्ष देऊन पाहण्याची सवय.